एक्केचाळीसच्या अलीकडे थांबलो

नानाभाऊ, गुडघा कसा शे? सुमनताई, खोकला थांबला का? मी बरा आहे, डोकं मात्र फिरलंय. तुम्ही दोघं गणिताचे मास्तर, म्हणून ग्रुपवर तुम्हालाच लिहितोय.

काल नातीने, पिंकीने, विचारलं, "आबा, ११,१११ मूळ संख्या की संयुक्त?" एकेका मूळ संख्येने सदतीसपर्यंत भागून पाहिलं. भाग जाईना. कंटाळून म्हणालो, "मूळ!"

आज शाळेतून येऊन तिने दप्तर आपटलं. "आबा, एक्केचाळीसनी भाग जास! वर्गात मन्हं हसू व्हयनं, सगळा पोरं हासनात. आते तुमले काहीच इचारनार नही."

सदतीसनंतर एक्केचाळीसचीच पाळी होती हो!

उद्यासाठी तिला सात वेळा एक असलेली संख्या दिलीय: ११,११,१११ ही संयुक्तच आहे, भाजक शोधा. दोनशेपर्यंत भागून हात दुखले. भाजक सांगू नका, तो मीच काढीन. फक्त दोनशेपासून तो अजून किती लांब आहे, तेवढं आज रात्रीच इथे लिहा.