जयसिंगरावाची चकाकी

१४ मार्च १९६१ रोजी आमच्या प्रयोगशाळेने तांब्याच्या एका स्फटिकासाठी ६१२ रुपये ४० नये पैसे मोजले. सुपारीएवढा तो तुकडा प्रयोगासाठी तयार करायचे काम जयसिंगराव या कारागिराकडे आले. हिशेबनीस म्हणून बिल मी मंजूर केले. माणूस निवडला प्रयोग करणाऱ्या डॉ. विश्वेश्वरांनी.

जयसिंगरावाला एकच विद्या येत होती, घासण्याची. बूट, दाराच्या मुठी, कोटाची बटणे, जे हाती लागेल ते तो चकाकवी. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून बंगळूरला आले, हे प्रत्येक नवख्याला ऐकवी. स्वतः मात्र बसवनगुडीत सासऱ्याच्या ओसरीवर राही. तीन वर्षे हंगामीच होता. कायम झाला तर क्वार्टर मिळणार होते.

प्रयोग फारसा अवघड नव्हता. निर्वात नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत धातूवर तिरपा सोडायचा. ते जसे विखुरतील तसा ठसा फोटोच्या काचेवर उमटतो. पृष्ठभागावरचे अणू ओळीत असतील तर स्वच्छ ठिपके येतात, विस्कटलेले असतील तर नुसते धुके. घासल्याने वरचे अणू सारवल्यासारखे होतात, म्हणून शेवटी तुकडा आम्लात बुडवून तो थर काढावा लागतो. मग तांबे निस्तेज दिसते, पण ठिपके येतात. एप्रिलमध्ये ते आले.

डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "जयसिंगराव, दिल्लीच्या समितीपुढे असेच ठिपके दाखवा. तुमची नेमणूक मी मागून घेतो. आता या तुकड्याला हात लावू नका."

"सरी, सार, बरं," तो म्हणाला.

समिती यायच्या सकाळी डॉक्टर पाहुण्यांना आणायला गेले होते. मी कार्यशाळेत डोकावलो, तर हा तोच तुकडा चामड्यावर घासत बसलेला.

"अरे, हात लावू नको म्हटलं होतं ना?"

"स्वल्प थांबा, अण्णा. दिल्लीची माणसं हे मळकं तांबं बघणार? आमच्या न्हाणीतला बंब याहून उजळ आहे."

"ती फोटो बघायला येतायत."

"अण्णा, हिशेब तुमचा, धातू आमचा."

मूर्खाशी वाद घालण्याचा पगार मला मिळत नव्हता. त्याने तुकडा यंत्रात बसवला आणि पंप सुरू केला.

दुपारी समितीसमोर काच धुतली. तिच्यावर करड्या धुक्याखेरीज काही नव्हते. एका सभासदाने ती उजेडात धरली. "डॉक्टर, हा इथल्या लालबागेचा डिसेंबरातल्या पहाटेचा फोटो आहे का?"

डॉक्टर वळले. "जयसिंगराव, काय केलंत?"

"पॉलिश, सार," तो म्हणाला, आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिला.

महिनाअखेर त्याला कमी केले. क्वार्टर दुसऱ्याला गेले. चिकपेठेत समया उजळायच्या दुकानात तो लागला. तिथे अणूंचे कोणी विचारत नाही, त्यामुळे त्याचे बरे चालले आहे म्हणतात. सासऱ्याची ओसरी काही सुटलेली नाही.

हत्यारांची पेटी स्वतः उचलणे घराण्याला शोभत नाही, म्हणून जाताना त्याने जटक्याच्या, म्हणजे टांग्याच्या, भाड्यासाठी माझ्याकडून दीड रुपया घेतला. तो अजून येणे आहे.