घट्ट बसलेला फाइंडर

डाव्या हाताचा अंगठा कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या फाइंडरवर दाबायचा, जोर लावून तो हलवून बघायचा आणि स्वतःशीच म्हणायचं, "हलत नाय. आता बघूया." मग कॅमेरा डोळ्याला. आमच्या फोटोवाल्यांनी असं केल्याशिवाय एकही फोटो काढलेला मी पाहिला नाही. लग्नात नवरा-नवरी हार उचलून ताटकळायची, भटजी कुरकुरायचे, "अहो, मुहूर्त टळतो!" हे शांतपणे म्हणायचे, "मुहूर्त तुमचो, फोटो माझो."

डिचोलीच्या बाजारात त्यांचा स्टुडिओ माझ्या दुकानाला लागून होता. माझा धंदा फोटोंना काच आणि चौकट घालायचा. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. "रे फ्रेमवाल्या, काच आसा मरे?" म्हणत आत शिरायचे आणि चहा पिऊन जायचे. माणूस मूळचा पेडण्याचा, एकटा, तोंडाने फटकळ. गिऱ्हाइकाला "हसू नका, दात वायट दिसतत" असं सरळ सांगायचे, आणि तरी लोक त्यांच्याकडेच जायचे.

त्यांचा कॅमेरा पोर्तुगिजांच्या वेळचा. गोव्याच्या मुक्तीनंतर लिस्बनला निघालेल्या कुणा साहेबाने जाता जाता विकलेला. त्याच्या खिडकीत दोन प्रतिमा दिसायच्या, त्या एकीवर एक आणल्या की अंतर जुळायचं. पण आपल्याकडची घरं तुम्हाला ठाऊक आहेत. एवढीशी ओसरी आणि सगळं कुटुंब एका फोटोत मावायला हवं. म्हणून त्यांनी रुंद लेन्स घेतली. रुंद लेन्सला जेवढं दिसतं तेवढं त्या खिडकीत दिसत नाही. मग कॅमेऱ्याच्या माथ्यावर जी खाच असते, तिच्यात वेगळा फाइंडर बसवायचा आणि त्यातून बघायचं.

हे बसवणं म्हणजे त्यांचं वेड. जुन्या कॅमेऱ्यांच्या खाचा सैल झालेल्या असतात. फाइंडर थोडा जरी कलला, तरी डोळ्याला एक दिसतं आणि फिल्मवर दुसरंच येतं. ते बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून त्याच्या बारीक पट्ट्या करायचे, एक पुढे, एक मागे अशा फाइंडरच्या पायाखाली सरकवायचे. मग माझ्याकडून धुरकट काचेचा तुकडा नेऊन फिल्मच्या जागी धरायचे आणि समोरच्या देवळाची दीपमाळ काचेवर आणि फाइंडरमध्ये सारखीच दिसते का ते बघत बसायचे. म्हापसा, पणजीचे फोटोवाले आपले जुने कॅमेरे घेऊन त्यांच्याकडे यायचे. त्यांना शिव्या खाव्या लागत, पण फाइंडर ठीक बसवून मिळे.

लग्नं चार महिन्यांची. बाकी वर्षभर त्यांना बोलावणं यायचं ते मेलेल्या माणसांसाठी. खाणीवरच्या कामगारांनी जन्मात कधी फोटो काढलेला नसायचा. माणूस गेला की मग घरच्यांना आठवण व्हायची. प्रेताला भिंतीशी टेकवून बसवायचे, हार घालायचे आणि यांना बोलवायचे. नंतर हे ब्रशने फोटोतले डोळे उघडे रंगवत, आणि मी चौकट घालत असे. माझ्या दुकानातले निम्मे लोक असे मेल्यानंतर डोळे उघडलेले होते. सवयीने मला त्यांचं काही वाटेनासं झालं होतं.

एका उन्हाळ्यात पाळी गावाला खाणीची दरड कोसळून एक जण गेला. सावंतवाडीकडचा, तरणा. बायको पोटुशी. दुपारच्या आत जाळायचं होतं. बस निघून गेली होती, म्हणून फोटोवाले खनिजाच्या ट्रकमधून गेले. तो रस्ता तुम्ही पाहिला असेल तर सांगायला नको. कॅमेरा त्यांनी मांडीवर धरला होता, पण धक्के बसायचे ते बसलेच. तिथे पोहोचल्यावर त्यांनी नेहमीसारखा अंगठा दाबून पाहिला. फाइंडर हलत नव्हता. दोन फोटो काढले आणि परत आले.

संध्याकाळी माझ्या दुकानात आले ते ओली निगेटिव्ह हातात घेऊनच. मी उजेडात धरून पाहिली. हार होता, मांडीवर ठेवलेले हात होते, बाजूला बायकोचा पदर होता. मानेच्या वर काही नव्हतं. दोन्हींत तेच.

मागची पट्टी वाटेत निसटून पडली होती. पुढची तेवढी उरली आणि फाइंडर नाक वर करून खाचेत रुतला. वाकडा, पण घट्ट. तो हलतो का एवढंच त्यांचा अंगठा बघत असे.

"मी बघितलंय रे त्येचा तोंड," ते म्हणाले. "पुरा बघितलंय. फाइंडरात होता."

मेलेल्याचं तेरावं होईपर्यंत त्यांनी स्टुडिओ बंद ठेवला आणि आत बसून तो चेहरा रंगवला. पाळीला जाऊन सोबतच्या कामगारांना दाखवून यायचे आणि परत खोडायचे. भुवई, कानाची पाळी, हनुवटीवरचा व्रण. शेवटी ते कामगार म्हणाले, हाच तो. मग त्यांनी रिवाजाप्रमाणे डोळे उघडले.

मेलेल्याची बायको भावाला घेऊन आली. चित्र हातात घेतलं आणि लगेच टेबलावर पालथं ठेवलं. "हे ते न्हय," म्हणाली.

फोटोवाल्यांनी वाद घातला नाही. चित्र उचललं आणि तिच्यासमोर फाडलं, बारीक तुकडे होईपर्यंत. मग खरा फोटो पुढे ठेवून काय झालं ते सांगितलं. ती हातांकडे बघत राहिली आणि तोच फोटो मागून घेतला. चौकट मी घातली.

त्यानंतर त्यांनी फोटो काढणं सोडलं. दुसऱ्यांचे फाइंडर बसवायचे तेवढे, पण बसवलेला पुन्हा काढायचे, पुन्हा बसवायचे. गिऱ्हाईक वैतागून कॅमेरा घेऊन जायचं. मी एकदा म्हटलं, "मेलेल्याचा चेहरा, थोडाफार चुकणारच." ते म्हणाले, "चुकलो नसतंय तर ती नाय म्हणती?" एवढ्या फटकळ माणसाच्या तोंडची फटकळ बोलीच गेली. खोकत खोकत एका पावसाळ्यात ते वारले. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

ते गेल्यावर काही वर्षांनी ती बाई माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. मी ओळखलं नाही, तिनेच सांगितलं.

"पोरगो इचारता, बाबांक तोंड कित्या नाय? दादा, तां रंगवलेला चित्र आसा काय खंय?"

"तुमच्यासमोरच फाडलं ना ते. तुम्हीच नाही म्हणालात."

"ते तेच होते," ती म्हणाली. "डोळे उघडे होते त्यांचे. माझ्याकडे बघी होते. माका सोसवला नाय."

मी हातातली काच खाली ठेवली.

"खंय गेले ते फोटोवाले? त्यांका सांगूचा होता."

मी शेजारच्या बंद फळ्यांकडे बोट दाखवलं.