पावेलचे चौदा मार्क

"वीसपैकी चौदा. पास," मी म्हणाले. पावेल हसला आणि ट्यूबलाइटकडे पाठ करून बसला.

मी दुबईतल्या एका आइस हॉकी क्लबची फिजिओ. आमचा डिफेन्डर पावेल आदल्या दिवशीच्या मॅचमध्ये रिंकभोवतीच्या कठड्यावर डोकं आपटून पडला होता. डोक्याला मार लागला की आम्ही टेस्ट घेतो. शब्द लक्षात ठेवा, आकडे उलटे म्हणा, एका पायावर उभे राहा. सीझनच्या सुरुवातीला घेतलेल्या टेस्टइतके मार्क पडले की खेळाडू मोकळा. पावेलचे तेव्हाही चौदाच होते.

खरी गोम इथेच होती. मुरलेले खेळाडू ती पहिली टेस्ट मुद्दाम वाईट देतात, म्हणजे पुढे डोकं आपटलं तरी पास होता येतं. नव्यांनाही तेच शिकवतात. चार भाषा फाडफाड बोलणाऱ्या पावेलला त्या दिवशी पाचातले दोनच शब्द आठवले. सगळे हसले, मीही हसले. अल नहदाच्या घरून येताना ट्रॅफिकमध्ये तास गेला होता, बावीस जण रांगेत उभे होते. परत टेस्टला कोण बसवतो?

आता पावेलचा निकाल ऐकायला मॅनेजर निसारभाई, मूळचे रत्नागिरीचे, दारातच उभे होते.

"निसारभाई, याला उजेड सहन होत नाहीये. आठवडाभर बाहेर बसवू या."

"मॅडम, आठवडा कुठून आणू? चार दिवसांत तीन मॅचेस. रविवारनंतर रिंक दुसऱ्यांना दिलीय. पास झाला ना तो? मग यल्ला, चला, सही करा."

"आय ॲम फाइन," पावेल घाईघाईने म्हणाला. त्याचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट या मॅचेसवर होतं.

मी सही केली. क्लबचे डॉक्टर माझा कागद बघूनच शिक्का मारायचे.

संध्याकाळी मॅचच्या दुसऱ्या पिरियडमध्ये त्याला धक्का लागला. इतका साधा, की रेफरीने शिट्टीही वाजवली नाही. पावेल उठला नाही.

जीव वाचला, हॉकी संपली. निसारभाईंनी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'फिजिओने फिट ठरवलं होतं.' माझं डोकं फिरलं. पण त्यात खोटं काय होतं?

पावेल मायदेशी निघाला तेव्हा मी एअरपोर्टवर गेले. काळा चष्मा लावून तो बायकोचा हात धरून चालत होता. तिने मला एकच विचारलं, "यू साइन्ड?"

"येस," मी म्हणाले. तिने मान फिरवली.

आता सुरुवातीला कोणाचे मार्क संशय येण्याइतके कमी दिसले, की दुसऱ्या दिवशी त्याला परत बसवते. खेळाडू शिव्या घालतात. एका टेस्टला दहा मिनिटं लागतात. पावेलच्या वेळी मी ती वाचवली होती.