दोन तुकड्यांत बोलणारा माणूस

तिला घरात सगळेच वहिनी म्हणत, थट्टेने नवरासुद्धा. तो सुतार होता. तो लाकडी खोकी बांधायचा आणि वहिनी त्यांत स्पीकर बसवायची. एका खोक्यात दोन स्पीकर असत, मोठा खालच्या सुरांसाठी आणि लहान वरच्या सुरांसाठी. कोणता सूर कुणाकडे जायचा हे ठरवणारी कॉइल-कपॅसिटरची पट्टी म्हणजे क्रॉसओव्हर. ती वहिनी स्वतः बनवायची.

नणंदेला जन्मापासून दिसत नव्हतं. तिचा दिवस रेकॉर्ड केलेली पुस्तकं ऐकण्यात जायचा. वहिनीने खास तिच्यासाठी एक जोडी केली. स्पीकरच्या कंपनीच्या कागदावरचे आकडे संगणकात भरले, पडद्यावर आवाजाची रेघ छान सपाट आली, म्हणजे सगळे सूर सारखेच, तशी पट्टी जोडली.

नणंदेने दोन पानं ऐकली. "राग मानू नकोस वहिनी, पण हा माणूस दोन तुकड्यांत बोलतोय. आणि त्याचा 'स' कानात टोचतो."

वहिनीला ते लागलं. पण नणंदेचा कान चुकत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने मोजमापाचा मायक्रोफोन आणला आणि दोन्ही स्पीकर त्यांच्याच खोक्यात बसवून, एकेक करून मोजले. ते आकडे भरले, नवी कॉइल गुंडाळली. आवाज आणखीच बिघडला.

"विकतची पट्टी आण आणि मोकळी हो," नवरा म्हणाला.

"विकतची पट्टी तुझ्या खोक्याला ओळखत नाही."

तीन दिवस ती त्या आलेखांपुढे बसून होती. चौथ्या दिवशी चूक सापडली, आणि ती तिचीच होती. लहान स्पीकर मोजताना तिने मायक्रोफोन वीतभर वर सरकवला होता. त्यामुळे दोन्ही आवाज पोहोचायच्या वेळांचा मेळच राहिला नव्हता.

मग तिने मायक्रोफोनचा स्टँड जमिनीला स्क्रूने आवळून टाकला आणि सगळं पहिल्यापासून मोजलं. नवी पट्टी जोडल्यावर तिने लहान स्पीकरच्या तारा मुद्दाम उलट लावल्या. तसं केलं तर दोन्ही स्पीकरचे सूर जिथे भेटतात तिथे आवाज खोल खचेल, असं संगणक सांगत होता. मोजलं, तर नेमका तिथेच खड्डा पडला होता. आता आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. तिने तारा सरळ केल्या. खड्डा भरून आला.

नणंदेने पुस्तकाचं अख्खं प्रकरण ऐकलं. शेवटी म्हणाली, "ह्याला कवळी आहे."

"कुणाला?"

"वाचणाऱ्याला. मधूनच बारीक टक् होतं. इतकी वर्षं ऐकतेय, आज कळलं."

पुढे नणंद जायची त्या वाचनालयासाठी वहिनीने आठ खोकी केली. प्रत्येक खोकं वेगळं मोजलं. त्या काळात मोजणीसाठी नवऱ्याला रोज दोन तास करवत बंद ठेवावी लागे, आणि तो येईल-जाईल त्याला हे गाऱ्हाणं सांगायचा, पण बाहेर उभं राहून, हळू आवाजात.