सात हातांवर एक गाठ

आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. वडील तलमडुगूकडे शाळामास्तर होते आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं छापायला स्टेन्सिल कापायचे. शाईच्या वासातच मी अक्षरं शिकले. जगातली कुठलीही गोष्ट एका पानावर, ठळक मथळ्याखाली, मागणी क्रमांक एक, दोन, तीन अशी मांडता येते, असं मला फार दिवस वाटायचं. ते वाटणं ढिलं केलं एका दोरीने.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी आदिलाबादला कॉलेजात होते आणि धरणाच्या कॉलनीत मामाकडे राहायचे. मामा पाटबंधारे खात्यात खलाशी. तरुणपणी तो आजूबाजूच्या विहिरींत बुडी मारून पडलेल्या बादल्या काढून द्यायचा. ते पाहून खात्याने त्याला समुद्राकाठी पाठवलं आणि पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली काम करायला शिकवलं. परत येताना त्याने एक रीळ आणलं. तळहाताएवढं, त्यावर बुटाच्या नाडीहून बारीक, पांढरी नायलॉनची दोरी.

"मामा, एवढ्याशा सुतावर जीव टाकता तुमी?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"जीव टाकीवर असते पोरी. दोरी फक्त घरचा रस्ता दाखवते."

तो रस्ता लागायचाच. आमच्या धरणात काळ्या मातीचं पाणी. दोन पुरुष खाली गेलं की स्वतःचा पंजा दिसत नाही. मामा दोरीचं टोक लोखंडी शिडीला बांधायचा, रीळ सोडत सोडत कालव्याच्या बुडालेल्या दरवाजापर्यंत जायचा आणि काम झालं की तीच दोरी चाचपत परत यायचा. ती मध्येच तुटली तर टाकीत हवा असेपर्यंत माणूस अंधारात फिरत राहणार. पुढे काय, ते मामा सांगत नसे.

म्हणून पाण्यात उतरण्याआधी तो सगळी दोरी रिळावरून उतरवायचा. मांडी घालून बसायचा, डोळे मिटायचा आणि अंगठा व बोट यांच्या चिमटीतून ती हळूहळू ओढायचा. दर सात हातांवर एक गाठ. किती आत गेलो ते अंधारात गाठींवरून कळतं. प्रत्येक गाठ तो नखाने दाबून पाहायचा. कुठे दशी लागली तर तेवढा तुकडा कापायचा, दोन टोकं जोडायचा आणि पुढच्या गाठी सोडून परत मोजून मारायचा.

"डोये काऊन मिटता?"

"उघडे ठेवले का बोटं आळशी होतात."

मी तेव्हा हसले होते. मंदिराच्या पायरीवर डोळे मिटणाऱ्यांवर मी अख्खं पत्रक लिहिलं होतं. पण खरं सांगते, मामाची ती चिमूट चालू असताना मला बोलवत नसे. आपल्या मरणाच्या शक्यतेवरून रोज बोट फिरवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

त्या वर्षी मामाला आठ-नऊ महिने दुसऱ्या धरणावर पाठवलं. तिथलं सामान तिथेच होतं, त्यामुळे त्याची दोरी ओसरीतल्या खुंटीवर राहिली. तिला ओलसर वास येत होता. आमच्याकडे अंबाडीचा दोर ऊन दाखवल्याशिवाय कोणी ठेवत नाही, नाहीतर तो कुजतो. मामीने दावी आणि कासरे पत्र्यावर टाकले, तिथेच मी मामाची दोरीही पसरली. उन्हाळाभर. मी तिला रोज उलटीपालटी करायचे. मोठं काम करते आहे असं वाटायचं. पावसाच्या तोंडावर ती गुंडाळून खुंटीला टांगली.

दिवाळीनंतर कालवा सोडायची वेळ आली आणि दरवाजा अडकला. चार बोटं उचलला की थांबे. शेवटच्या गावांपर्यंत पाणी पोचेना, ज्वारी माना टाकू लागली. मी पेटून पत्रक लिहिलं. मथळा होता, 'आता एक दिवसही नाही!' ते सायकलवरून गावोगाव वाटलं. दुरुस्तीच्या ठरलेल्या सकाळी धरणाच्या बांधावर ही गर्दी, आणि प्रत्येकाच्या हातात माझा कागद.

मामा आदल्या संध्याकाळीच परतला होता. तो बांधावर बसला, डोळे मिटले, दोरी ओढू लागला. पहिल्या गाठीशीच त्याची बोटं थांबली. त्याने चिमूट उघडून पाहिली. बोटांवर खडूसारखी पांढरी भुकटी होती. त्याने दोरी दोन्ही मुठींना गुंडाळून झटका दिला. ती तुटली. आवाजसुद्धा झाला नाही.

"कुठं ठेवली व्हती ही?" त्याने मला विचारलं.

"पत्र्यावर. उन्हात. कुजू नये म्हणून."

त्याने भुकटी बोटांवर चोळली. "अंबाडी पाण्यानं कुजते बाई. नायलॉन उन्हानं मरते." मग म्हणाला, "माईच चूक. कोनाले सांगितलंच नाई म्या."

खात्याचे साहेब घड्याळ पाहत होते. "अरे भाई, एक जगह टूटी है। बाकी से काम चला लो, पंद्रह मिनट की तो बात है।"

गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. कागद मामाच्या तोंडासमोर नाचवत म्हणाला, "एक दिवसबी नाई, लिवलं हाये हितं! पगार घेतू न पाण्याले भेतू?"

मागून आरोळी उठली. माझीच वाक्यं, माझ्याच उद्गारचिन्हांसकट. मामाने तुटकी दोरी पाहिली, शिडी पाहिली आणि टाकीचे पट्टे ओढायला घेतले. तो उतरणार, हे मला दिसलं. एवढ्या लोकांसमोर भित्रा ठरण्यापेक्षा तो उतरला असता.

मी मामा आणि शिडीच्या मध्ये जाऊन उभी राहिले. "हे पत्रक म्या लिवलं," मी ओरडले. "अन् दोरीबी म्याच खराब केली. मामा या दोरीवर खाली गेले तर वर येणार नाईत. पाणी उद्या मिळालं तरी चालंल. कागद चुकला."

म्हाताऱ्याने तुटका तुकडा मागितला, बोटांनी चुरडला, वास घेतला. "नवी दोरी हाये का?" त्याने विचारलं.

होती. भांडारात कोऱ्या दोरीचं एक बंडल पडलं होतं.

"मंग बसा की," म्हातारा म्हणाला. "हात कायले हायेत?"

मग बांधावर जे झालं तसं मी कुठल्या सभेत पाहिलं नाही. मघाशी ओरडणारी माणसं रांगेत बसली. मामाने आपल्या हाताने मोजायचं, पुढच्याने गाठ मारायची, त्याच्या पुढच्याने डोळे मिटून चिमटीतून ओढायचं. डोळे मिटायला कोणी लाजलं नाही. कासरे वळून वळून घट्टे पडलेली ती बोटं त्या बारीक दोरीवर इतकी हळू चालत होती, जणू दोरी झोपली आहे. "इथं खरखर लागते," एक जण म्हणायचा आणि तेवढा तुकडा कापला जायचा. नववी गाठ मारायला मामाने दोरी माझ्यापुढे सरकवली. शेवटी आतलं टोक रिळाला बांधून मामाने तीन झटके दिले आणि मगच दोरी गुंडाळली.

दुपारी तो उतरला. शिडीपासून दोरी तपकिरी पाण्यात तिरपी गेली होती. ती ताणलेली होती, बारीक थरथरत होती, आणि ती थरथर व दूरचे बुडबुडे यांपलीकडे मामाची आमच्याकडे दुसरी काही खूण नव्हती. शेदीडशे माणसं तेवढ्या वीतभर दोरीकडे बघत होती. म्हाताऱ्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं होतं.

फार वेळाने बुडबुडे शिडीकडे सरकू लागले. मामा वर आला. दरवाजाच्या खाचेत झाडाचा बुंधा अडकला होता, तो त्याने फोडून काढला होता. संध्याकाळी कालव्याला पाणी लागलं.

घरी येऊन मी दोरी साध्या पाण्यात तीनदा धुतली आणि ओसरीच्या सावलीत, सैल वेटोळी करून टांगली. मामा चहा पीत पाहत होता.

"नववी गाठ तुई व्हती ना?"

"व्हय. काऊन?"

"दगडासारखी आवळून राह्यली. अंधारात हात लागला न म्या म्हनलं, आली माई पत्रकवाली." तो हसला. "तिथून पुढं रस्ता सोपा गेला."

मी डोळे मिटले आणि दोरीवरून बोट फिरवत नववी गाठ शोधू लागले.