परक्या दगडाला शेंदूर

वीस वर्षं मी धाड गावच्या शाळेत भूगोल शिकवतोय, म्हणजे वीस वर्षं आफ्रिकाही शिकवतोय. नकाशा टांगायचा, पट्टीनं घाना दाखवायचा, कोको म्हणायचं आणि पुढच्या देशाकडे वळायचं. माझा धाकटा भाऊ याच विषयात माझ्याच वर्गात दोनदा नापास झाला. पुढे तो बोअरच्या गाडीवर लागला आणि तीन वर्षांपूर्वी घानाच्या उत्तर भागात हातपंपांची बोअर मारायला गेला. मी अजून फळ्यापाशीच आहे.

त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी बाजारात वांगी निवडत होतो. एरवी तो आधी आत्याला दाखव म्हणतो. त्या दिवशी म्हणाला, “दादा, माह्याकून लय मोठी चूक झाली.”

आईवडील गेल्यावर त्याला तिकडे धाडायची कल्पना माझी होती, पासपोर्टचा अर्जही मीच भरला होता. वांगी तिथंच ठेवून मी बाजूला आलो.

झालं होतं ते असं. नव्या गावाच्या कडेला गोरखचिंचेचं भलंमोठं झाड होतं. खाली एक दगड, पुढ्यात मातीचं मडकं, दगडाला चिकटलेली कोंबडीची पिसं. भावानं लगेच ओळखलं, हा तर आपला म्हसोबा! आपल्याकडे नारळ फोडल्याशिवाय बोअर सुरू होत नाही. घरून नेलेली शेंदराची पुडी त्याच्या पेटीत होतीच. त्यानं शेंदूर तेलात कालवला, दगडाला चोपडला, नारळ फोडला, वर दोन उदबत्त्या लावल्या आणि गाडी सुरू करायला सांगितली. दहा मिनिटांत अख्खं गाव गाडीसमोर उभं.

“मारलं का तुले?” मी विचारलं.

“नाई ना. कोणी बोट नाई लावलं. तिथला म्हातारा आला, दगडापाशी बसला अन् मले विचारलं, तू कोणाचा?”

हा म्हातारा त्या गावच्या जमिनीचा पुजारी. भावाचा ड्रायव्हर तिकडचाच, तो दुभाष्याचं काम करी. त्याच्याकडून भावाला जे कळलं ते त्यानं मला सांगितलं. तिथं देवाला देऊळ नाही, छप्पर नाही. झाड आणि दगड हेच ठाणं. पहिल्यांदा ज्या घराण्यानं ते रान वसवलं, त्याच घराण्यातला माणूस ते सांभाळतो. जमीन कोणा एकाची नाही, मेलेल्यांची, जित्यांची आणि अजून जन्मायच्या पोरांचीही आहे. म्हणून खणायचं तर आधी त्या ठाण्याला विचारायचं. परका आला तर पुजारी पाणी ओतून त्याची ओळख करून देणार, त्याच्या वाडवडिलांची नावं घेणार. शेंदराबद्दल म्हातारा रागावला नव्हता. ओळख नसताना तू बोललास, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पण ती ओळख होईपर्यंत गाडी हलणार नव्हती. दोन दिवस झाले होते, आणि आज काम सुरू झालं नाही तर कंपनी भावाला परत पाठवणार होती.

“मले तर आजोबाच्या पुढं एक नाव येत नाई,” तो म्हणाला.

“मग दे ठोकून काहीतरी! त्याले काय समजते?”

“त्याच्यासमोर खोटं निघत नाई, दादा.” जरा थांबून तो म्हणाला, “अन् मी त्याले आपल्या म्हसोबाचं सांगतलं, तर आपला दगड पाहायचा म्हणते तो. आपल्या वावरातला.”

आता माझी खरी पंचाईत झाली. आमच्या शेताच्या बांधावर कडुनिंबाखाली म्हसोबा होता हे खरं. पण दोन वर्षांपूर्वी बांध सरळ करताना तो आडवा आला आणि मीच ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, ढकल बाजूला. घरात कोणाला बोललो नव्हतो. शास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्याला मात्र मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

घरी आलो. आत्या ओट्यावर तूर निवडत होती. वडिलांची ही थोरली बहीण, नवरा वारल्यापासून आमच्याकडेच असते. ऐंशीच्या घरातली, ऐकू कमी येतं, लक्षात सगळं राहतं. मी वाडवडिलांची नावं विचारली.

“काऊन रे, आज काऊन आठवण झाली?”

भावाचं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि पाच पिढ्या धडाधड म्हणून दाखवल्या, अडखळली नाही. मी थक्क झालो. अक्षय तृतीयेला पितरांसाठी घागर भरतात, त्याची आठवण काढून म्हणाली, “आखजीले घागर भरताना बाबा एकेक नाव घ्ये अन् मी पाणी सोडो. पोरं खेळाले पळून जात. पाणी सोडाले मीच राहो.” मग चप्पल शोधत म्हणाली, “चाल, मी पण येतो वावरात.”

मोटारसायकलवर मागे आत्या, हातात पाण्याची कळशी. रस्ताभर मी कारणं जुळवत होतो. कडुनिंबाखाली जागा रिकामी होती. आत्यानं झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आयुष्यात एवढी लाज मला वर्गात, निकालात, कुठंच वाटली नव्हती.

“मीच सरकवला,” मी म्हणालो.

तिनं कळशी खाली ठेवली. घाणेरीच्या झुडपात पालथा पडलेला दगड आम्ही दोघांनी ओढून काढला. म्हणजे ओढला मी, शिव्या तिनं दिल्या. बांधावर एकाच जागी रेंज येते, तिथं उभा राहून मी कॉल लावला.

म्हातारा पडद्यावर दिसला. बारीक अंगाचा, डोक्याला टोपी, मांडीवर हात ठेवून बसलेला. मी दगड दाखवला. त्यावर माती होती, शेंदराचा कण नव्हता. त्यानं काहीतरी विचारलं. भाऊ म्हणाला, “दादा, एवढा कोरडा काऊन, म्हणते.”

खोटं बोलायची सोय होती, पण माझ्याही तोंडून ते निघालं नाही. काय केलं ते सांगितलं. ड्रायव्हरनं ते त्यांच्या भाषेत नेलं. मी शिक्षा ऐकायच्या तयारीत होतो. म्हातारा हसला, अगदी दात नसलेलं हसू. म्हणाला, तुम्ही दोघे भाऊ सारखेच दिसता, एकानं न विचारता लावलं, एकानं न विचारता काढलं. आता पाणी घाला.

नावं लिहून घेतलेला कागद मी वाचायला काढला. त्यानं हात वर केला. ही नावं तुला कोणी दिली? मी आत्याकडे बोट केलं. मग तीच म्हणेल, तो म्हणाला.

आमच्या म्हसोबापुढे बाईनं तोंड उघडल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. आत्यानं पदर घेतला, कळशी वाकडी केली आणि पहिलं नाव घेतलं. तिकडे म्हाताऱ्यानं भोपळ्याच्या वाटीतून पीठ कालवलेलं पाणी त्यांच्या दगडावर ओतलं आणि तेच नाव म्हटलं. उच्चारांची त्यानं पार वाट लावली, पण एकही नाव सोडलं नाही. पाच नावं झाली. आता संपलं असं वाटत होतं, तेवढ्यात आत्यानं कळशीतलं उरलेलं पाणी ओतत सहावं नाव घेतलं. बाईचं नाव.

“हे कोणाचं?” मी हळूच विचारलं.

“माह्या मायचं.”

माझ्या आजीचं. घरात तिला सगळे म्हातारी म्हणत, कागदोपत्री अमक्याची बायको. मी पोरांकडून नाईलच्या उपनद्या पाठ करून घेतो, आणि सख्ख्या आजीचं नाव मला माहीत नव्हतं. पडद्यावर म्हाताऱ्यानं क्षणभरही न थांबता पाणी ओतलं आणि ते नाव म्हटलं, हळू, दोनदा. मग तो उठला आणि भावाच्या पाठीवर हात ठेवला. मागे गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. भाऊ हसत होता, रडतही होता. माझंही तसंच झालं होतं, पण चेहरा दिसू नये म्हणून मी फोन जरा वर धरला.

कॉल संपल्यावर आत्या बांधावर टेकली.

“त्यानं मायचं नाव घेतलं ना रे? मले नीट आयकू नाई आलं.”

“हाव, आत्या. दोनदा घेतलं.”

“जिती होती तवा कोणी घेतलं नाई,” ती म्हणाली, आणि रिकामी कळशी माझ्याकडे देऊन विहिरीकडे बोट केलं. “भरून आण. आता तू घे.”