व्हर्जिनियातलं वाकडं इंग्रजी घर

जुन्या घरात किस्से धुळीसारखे साठतात, झाडावेत तेवढे थोडे. आमचं घर तर शेकडो वर्षांचं, ओकच्या लाकडी सांगाड्याचं, मूळ इंग्लंडमधलं. एका श्रीमंत अमेरिकनाने ते विकत घेतलं, तुळयांवर नंबर घालून सुटं केलं आणि बोटीने व्हर्जिनियात आणून पुन्हा उभं केलं. आता तिथे म्युझियम आहे.

चौऱ्याऐंशी साली लग्न होऊन मी इथे आले. व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून तिथे व्हॉलंटियर झाले. मला टूर द्यायची होती. आमची मुख्य, सत्तरीची डोरोथी, माझं बोलणं ऐकून म्हणाली, "गोड बोलतेस, पण शेवटच्या रांगेला ऐकू येत नाही." आणि तिने मला दारात उभं केलं.

*

दार बुटकं. उंच पाहुण्यांची डोकी चौकटीवर आपटायची. "डोकं सांभाळा" एवढंच मी सांगायचं. मी ते इतकं हळू सांगायची, की "काय?" करत प्रत्येक जण माझ्यापर्यंत वाकायचा आणि तसाच वाकलेला आत जायचा. एकही डोकं आपटेना. झालं, डोरोथीने मला दारावरच कायम केलं!

*

माझा नवरा शिरीष इंजिनियर. एका शनिवारी घर बघायला आला. वरच्या मजल्यावर त्याने खिशातलं पेन जमिनीवर ठेवलं, ते गडगडत थेट भिंतीपर्यंत गेलं. हे घर कललंय, कधीही पडेल, असं त्याने डोरोथीला गंभीरपणे सांगितलं.

"हो," ती म्हणाली, "इंग्लंडमध्येही सगळे हेच म्हणायचे."

*

महाराष्ट्र मंडळाची सहल आली. देशपांडे काकूंनी सवयीने दारात चपला काढल्या, म्हणून सगळ्यांनी काढल्या. मागून आलेल्या अमेरिकनांना वाटलं, नियमच असेल. तासाभरात दारात देवळाबाहेर असावा तसा ढीग! आता आपलं दारावरचं कामही जाणार, असं मला वाटलं. डोरोथीने ढिगाकडे पाहिलं, आतल्या स्वच्छ फरशीकडे पाहिलं आणि स्वतःचे बूट काढले.

*

तुळयांमधल्या भिंती कुडाच्या. काठ्यांची वीण, त्यावर माती, पेंढा आणि शेण. एका भिंतीचा मोठा पोपडा पडला. दुरुस्तीच्या मिस्त्रीने ताज्या शेणाची बादली ठेवून मदतीला कोण येतं ते विचारलं. बाकीचे व्हॉलंटियर रबरी हातमोजे शोधायला गेले ते गेलेच. मी चुडा वर सारला आणि लिंपायला बसले. माहेरी अंगण सारवायचं काम माझंच असे.

तेवढ्यात डोरोथीची टूर आली. हे काय चाललंय, असं कुणीतरी विचारलं. मी मान वर न करता सांगत गेले. पेंढ्यामुळे माती तडकत नाही, शेणामुळे ती धरून राहते. आवाज नेहमीचाच. बादलीत काय आहे ते कळूनही माणसं पुढे पुढे सरकत माझ्याभोवती गोळा झाली. शेवटची रांग उरलीच नाही.

एका आजोबांनी खूश होऊन हात पुढे केला. मीही केला. डोरोथी चटकन मध्ये आली.

"रविवारची टूर तुझी," ती म्हणाली. "आज मात्र कुणाशी हात मिळवू नकोस."